बंधुराजांचा सॉस

दिंडोली, सुरत
१८ जानेवारी २०२५

ती. अक्का,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण तुमचे बंधुराज. गच्चीवर त्यांनी टोमॅटोचं जे रान उठवलंय, त्याची राखण करण्यातच यंदाची उत्तरायण गेली. सगळी गल्ली पतंग उडवत होती आणि आमच्या गच्चीवर पोस्टातून निवृत्त झालेला एक माणूस हातात काठी घेऊन इकडून तिकडे पळत होता. का, तर कटलेले पतंग झाडांवर पडू नयेत! शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, की भाऊ नोकरीत असे पळाले असते तर पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले असते.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण मागच्या वेळी मी टोमॅटो टोमॅटो ओरडत होते आणि तुम्ही कोणाचा फोटो म्हणून विचारत होतात. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय यांचं म्हणणं, ज्या खात्यानं आपल्याला पोसलं त्याच्या पेटीत आपलं एखादं पाकीट पडत राहिलं पाहिजे.

तर टोमॅटो. रंगाच्या रिकाम्या बादल्या, फाटक्या गोण्या, फुटका माठ, जिथे माती राहील तिथे यांनी रोप लावलंय. आता सगळे एकदम पिकायला लागलेत. सार झालं, चटणी झाली, भरीत झालं. मी पिशवी घेऊन बाहेर पडले, की गल्लीतली दारं आपोआप लागतात. सुंदराबाईंनी तर हात जोडले, म्हणाल्या, वहिनी, आता मिरच्या लावा.

खरी बातमी पुढेच आहे. तुमचा भाऊ साधू झालाय! फोडणीत हिंग आधी पडला की बाहेरच्या खोलीतून ओरडणारा हा माणूस. उंधियूतली वालपापडी कतारगामच्या शेतातली नाही, हे झाकण उघडण्याआधी सांगणारा. यंदा कोपऱ्यावरच्या दुकानातून उंधियू आणला, तो इतका खवट होता की सुंदराबाईंनी आणि मी बाजूला सारला. यांनी वाटी पुसून खाल्ली आणि छान आहे म्हणाले. गणपतीनंतर ताप आला होता ना, त्यातून उठल्यापासून हे असं. आमटी छान, कारल्याची भाजी छान, माझ्या हातून दूध लागलं तरी चहा छान. तापात माणसाचं डोकं फिरतं असं ऐकलं होतं, यांचं जागेवर आलं. भजनी मंडळात मी सगळ्यांना सांगून टाकलंय, की इतक्या वर्षांनी मला सासुरवास संपल्यासारखं वाटतंय.

आता त्यांच्या मनात सॉस करायचं आलंय. तुम्ही महिला मंडळासाठी सॉस करत होतात, तेव्हा कृती सविस्तर कळवा.

लोभ आहेच. टोमॅटोंना गिऱ्हाईक मिळालं तर तेही इकडे धाडावं.

तुमची भावजय,
छाया

*

अमळनेर
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. छायास अनेक आशीर्वाद.

अरविंद साधू झाला हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. लहानपणी शेजारणीनं आमच्या चुलीपाशी नुसता स्टोव्ह पेटवला, तरी भाकरीला रॉकेल लागलं म्हणून हा पानावरून उठायचा. आईनं त्याच्या नाकाला कितीदा चिमटा काढला असेल! तुझा हात आता सुधारला असेल असंही मला वाटून गेलं, पण ते मी लिहीत नाही.

सॉसची कृती सांगते, नीट वाच. टोमॅटो पिकून लाल झालेलेच घ्यायचे, हिरवट खांदा असलेला एकही नको. फोडी करून थोडा कांदा, लसूण, आलं घालून शिजवायचे. दालचिनी, लवंग, मिरे, लाल मिरची पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी भांड्यात सोडायची. मऊ झालं की पुरचुंडी पिळून काढायची आणि बाकीचं चाळणीतून घासून गाळायचं. मग जाड बुडाचं पातेलं, मंद गॅस आणि तळापासून हलवणं. सॉस करणाऱ्यानं मध्ये पेपर वाचायचा नाही, हे अरविंदला ऐकव. निम्मी साखर आधी, निम्मी नंतर. मीठ आणि व्हिनेगर अगदी शेवटी, कारण आटता आटता मीठ पुढे येतं. थेंब ताटलीत टाकून बघायचा. भोवती पाणी सुटलं नाही, की झाला. बाटल्या उकळून कोरड्या केलेल्या हव्यात.

मीठ-मसाला मी मापात सांगत नाही, टोमॅटोगणिक बदलतो. चव अरविंदलाच बघू दे. तुमच्या घरात त्याच्याइतकं तिखट नाक आणि जीभ दुसऱ्या कोणाची नाही.

माझं बरं आहे. कान आहेत तसेच आहेत. कीर्तनाला पुढे बसते आणि सगळे हसले की हसते.

दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं. सॉस जमला तर माझ्यामुळे, बिघडला तर तुमच्यामुळे.

आशीर्वादांसह,
शोभाक्का

*

सुरत
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी अरविंदचा दंडवत.

बठ्ठं बरं शे ना? सुंदराबाईंचा संदीप अमळनेरला येतोय, त्याच्याबरोबर सॉसची बाटली पाठवतो आहे. बाटली उजेडात धरून बघ. असा रंग बाजारच्या सॉसला येत नाही. गाळताना एक बी राहू दिली नाही. दाटपणाही बघ, बाटली उलटी केली तरी विचार करून खाली येतो, अगदी आपल्या आबांसारखा.

छायाचं तोंड मात्र वाकडं आहे. तिचा पराभव तिला पचलेला नाही. तू निवाडा दे.

झाडांना अजून फुलं आहेत. सकाळी पाणी घालताना पानांवरून हात फिरवतो, बरं वाटतं. एकदा येऊन बघ.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारा,
अरविंद

*

दिंडोली, सुरत
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

यांनी बाटली पाठवली आहे. हे पत्र बाटलीच्या आधी पोचावं अशी देवाजवळ प्रार्थना. अक्का, तो सॉस खाऊ नका!

झालं असं. रविवारी सकाळपासून यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मला फक्त टोमॅटो धुवायची परवानगी. गाळेपर्यंत सगळं सुरेख चाललं होतं, रंग तर कुंकवासारखा. मग आटवायला बसले. मी बाहेर कपडे वाळत घालत होते तर मला तिथे करपल्याचा वास आला. धावत आत आले, तर हे पातेल्यावर वाकून शांतपणे हलवताहेत. मी म्हटलं, तळ लागलाय. हे म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी म्हटलं, अहो सुंदराबाईंनाही वास आला, त्या भिंतीवरून विचारताहेत. तर म्हणाले, त्यांच्याकडे जळत असेल.

मग व्हिनेगर ओतलं. त्या वाफेनं माझा जीव घाबरला, खोकत खोकत मी दारात गेले. यांचेही डोळे पाण्यानं भरले, पण नाक पातेल्यातच! आणि मीठ? एकदा घातलं, चाखलं, मान हलवली, पुन्हा घातलं, पुन्हा चाखलं. मी हात धरला तर म्हणाले, अक्कानं चव माझ्यावर सोपवली आहे.

आता बाटल्या कपाटात ओळीनं उभ्या आहेत आणि हे रोज पोळीशी तो सॉस खातात. वर माझ्याकडे बघून छान झालाय म्हणतात. हट्टाला काही सीमा? मला खिजवण्यासाठी माणूस इतकं खारट, करपट खाऊ शकतो, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

तुम्ही चांगला कान उपटा. धाकटा भाऊ आहे, तुमचा हक्क आहे.

तुमच्या मायेवर आणि तुमच्या पचनावर भरवसा ठेवून,
छाया

*

अमळनेर
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. छायास आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच आणि वाचताना घाबरू नकोस.

तुझं पत्र आणि बाटली एकाच दिवशी आली. मी बोटावर थेंब घेतला आणि लगेच चूळ भरली. आधी पोट धरून हसले. मग हसू आपोआप थांबलं. अरविंदचं पत्र पुन्हा काढून वाचलं. रंगाबद्दल लिहिलंय, दाटपणाबद्दल लिहिलंय, बियांबद्दल लिहिलंय. चवीबद्दल एक अक्षर नाही. सॉस पाठवणारा अरविंद चवीबद्दल लिहीत नाही, असं कसं होईल?

छाया, मला वाटतं त्याला वास येत नाही. चवही बहुधा लागत नाही, निदान पूर्वीसारखी नाही.

हे मला कसं सुचलं ते सांगते. माझे कान जाऊ लागले तेव्हा मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी एक युक्ती काढली होती, कोणी काहीही म्हटलं की हसून हो म्हणायचं. सगळे म्हणायचे, शोभाताई किती समजूतदार झाल्यात. ज्याला ऐकू येत नाही तो सगळ्याला हो म्हणतो. ज्याला चव लागत नाही तो सगळ्याला छान म्हणेल, नाही तर काय करेल?

तापानंतर तो साधू झाला असं तूच लिहिलं आहेस.

मी चुकत असेन तर फार बरं. पण एकदा बघ. थेट विचारलंस तर तो हसून टाळेल, मी वर्षभर टाळत होते. काहीतरी साधं कर. आणि तोवर गॅस चालू ठेवून त्याला घरात एकटं सोडू नकोस.

त्याच्यावर रागावू नकोस, स्वतःवर तर मुळीच नाही.

तुमची काळजी करणारी,
शोभाक्का

*

दिंडोली, सुरत
३ मार्च २०२५

ती. अक्का,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही चुकला नाहीत.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी चहा केला, त्यात आलं घातलंच नाही. कप हातात दिला आणि विचारलं, की आज आलं जास्त झालं का. यांनी घोट घेतला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, हो, थोडंसं, पण छान आहे. अक्का, बशी तिथेच ठेवली. मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हे पाणी घालायला गच्चीवर गेले, तशी मीही गेले. बराच वेळ मी नुसती पिवळी पानं खुडत राहिले. मग म्हटलं, काल चहात आलं नव्हतं. यांनी झारी खाली ठेवली. बादलीच्या कडेवर बसले.

मग सगळं सांगितलं. तापातून उठल्यापासून कसलाच वास येत नाही, म्हणाले. जेवण म्हणजे ओला कापूस चावल्यासारखं. खारट, आंबट जिभेच्या टोकाला तेवढं कळतं, तेही लांबून. आधी वाटलं जाईल, मग महिने गेले. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, जन्मभर तुझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवली. पहिल्यांदा छान म्हटलं ते कळत नव्हतं म्हणून. तर तुझा चेहरा असा काही उजळला! तू दाराशी उभी राहून सुंदराबाईंना सांगत होतीस, की यांना आता माझं सगळं आवडतं. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगू, की मला काही कळतच नाही?

अक्का, मी भजनी मंडळात हसत हसत सांगत होते आणि हा माणूस घरी माझ्यासमोर बसून कापूस चावत होता.

टोमॅटोंचंही सांगितलं. दिवाळीच्या आधी बाजाराजवळच्या रोपवाटिकेपाशी उभे होते, तिथे टोमॅटोच्या रोपाला हात लागला आणि एकदम तो उग्र हिरवा वास आला. क्षणभरच. पुन्हा पान चुरगळलं तर काही नाही. पण एकदा आला होता ना, म्हणून सगळी रोपं घेऊन आले. रोज पानांवरून हात फिरवतात तो त्यासाठी. तो वास काही परत आलेला नाही.

मी त्यांना म्हटलं, अहो, एवढ्यासाठी एक रोप पुरलं असतं, मला गल्लीभर पिशव्या घेऊन कशाला फिरवलंत? तेव्हा हसले. मग मला रडू आलं आणि त्यांनी झारीतल्या पाण्यानं माझं तोंड धुतलं, पाणी सगळं मातकट.

डॉक्टरकडे यायला मात्र तयार नाहीत. आता काय उपयोग म्हणतात. तुम्ही दोन शब्द लिहा, तुमचं ऐकतील.

मन भरून आलंय, म्हणून इथेच थांबते.

तुमची,
छाया

*

अमळनेर
१० मार्च २०२५

चि. अरविंद यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझ्या सॉसचा निवाडा हवा होता ना? ऐक. मंडळात बाया पहिल्यांदा सॉस करायला यायच्या, त्यांनीही इतका वाईट केला नव्हता. रंगाला मात्र पैकीच्या पैकी.

मला सगळं कळलं आहे. छायावर चिडू नकोस, ओळखलं मी. माझे कान गेले, तुझं नाक गेलं. आबांची दोन मुलं मिळून आता एक धड डोकं होत नाही! पण लपवण्यात आपण दोघंही हुशार निघालो, हे मान्य करायला हवं.

एक गोष्ट तुला सांगते, ती कोणाला सांगितलेली नाही. कान गेले त्याचं दुःख होतंच. पण हो हो म्हणत बसण्यात मी जास्त एकटी पडले. लोक समोर असत आणि मी त्यांच्यात नसे. तू त्या स्वयंपाकघरात असा बसू नकोस रे.

कानाचं यंत्र लाव म्हणून तू माझ्या किती मागे लागला होतास. मी ऐकलं नाही, म्हातारी दिसेन म्हणून. आता सौदा करू. तू नाकाच्या डॉक्टरकडे जा, मी कानाच्या डॉक्टरकडे जाते. आधी कोण जातं बघू. लहानपणी शर्यतीत तू नेहमी हरायचास.

तुला हरवायला उत्सुक असलेली तुझी बहीण,
अक्का

*

दिंडोली, सुरत
२२ एप्रिल २०२५

ती. अक्का,
छायाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं यंत्र आलं, हे संदीपकडून कळलं. शर्यत तुम्ही जिंकलात. पण हेही लगेच दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे गेले, हरल्याचा राग मनात धरून.

डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. म्हणाले, तापात वासाच्या नसा दुखावल्या आहेत. कोणाचा वास परत येतो, कोणाचा अर्धा येतो, कोणाचा येतच नाही. आत्ता सांगता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायचं, आणि हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचं. एवढंच औषध. हे टपाल वाटायला निघाल्यासारखे गंभीरपणे टेबलाशी बसतात. आठवत नाही म्हणाले, की मी समोर बसून सांगते. लिंबू कसं सांगायचं, अक्का? मी म्हटलं, कोणी अंगावर गार पाण्याचा हबका मारल्यासारखं. गुलाबाला मी अडले. यांनीच सांगितलं, की आपल्या लग्नात हार वाळून गेले होते, तसा. तो वास आठवणारा माणूस माझ्या घरात आहे, हे मला माहीतच नव्हतं.

होळीच्या सुमारास दुसरा सॉस केला. हात यांचे, नाक माझं. मी ओट्याशी स्टूल टाकून बसले आणि हुकूम सोडत राहिले. हलवा, गॅस कमी, पुरचुंडी काढा, मीठ पुरे. मध्ये एकदा यांनी डोळा चुकवून मिठाच्या बरणीकडे हात नेला, तो मी उलथन्यानं परतवला. जुन्या बाटल्या मात्र फेकायला मन होईना यांचं. शेवटी मीच ओतल्या. सुंदराबाई म्हणाल्या, मोरीतली झुरळंसुद्धा घर सोडून गेली.

आता परवाचं सांगते, ज्यासाठी पत्र लिहायला बसले.

दुपारपासून वारा फिरला होता आणि मागच्या खाडीची घाण गल्लीत शिरली होती. उन्हाळ्यात होतं तसं. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, सुंदराबाईंनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला. हे गच्चीवर झाडं उपटत होते, आता हंगाम संपला. एकदम वरून माझ्या नावानं हाक आली. अशी, की मला वाटलं हे पडले. पदर नाकाला लावून जिने चढले.

हे खाडीकडे तोंड करून उभे होते, हात मातीनं भरलेले, डोळे मिटलेले. मला म्हणाले, छाया, काहीतरी सडलंय का? मी म्हटलं, खाडी आहे. म्हणाले, नक्की ना? माझ्या मनाचा खेळ नाही ना? मी म्हटलं, अहो, सगळी गल्ली कोंडून बसलीय, देवाशप्पथ. तर त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग म्हणाले, अगं, काय घाण आहे! काय सुरेख घाण आहे! आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी नाकावरचा पदर काढला.

खालून सुंदराबाईंनी खिडकी किलकिली करून विचारलं, की भाऊ-वहिनी, तिथे काय करताय. यांनी वरूनच मोठ्यानं उत्तर दिलं, की हवा खातोय. त्यांनी खिडकी परत लावून घेतली. वारा पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, चांगली खूण आहे, पण फार आशा लावून बसू नका, कधी कधी घाणेरडे वासच आधी येतात. लवंग, गुलाब अजून येत नाहीत.

काल रात्री थालीपीठ केलं आणि होळीचा सॉस काढला. मी विचारलं, कसा झालाय. मी श्वास धरून बसले होते, अक्का. यांनी घास सावकाश चावला आणि म्हणाले, आंबट कळतं. गोड थोडं कळतं. बाकी काहीच नाही. थालीपीठ कशासारखंही लागत नाही, पण कडा कुरकुरीत आहेत, त्या मला आवडल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, तुला कसं लागतंय, सांग.

मी घासागणिक सांगत गेले, आणि हे ऐकत ऐकत जेवले. असं जेवण आमच्या घरात याआधी झालेलं नाही.

दोन बाटल्या तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. यंत्र लावून या, म्हणजे यावेळी टोमॅटो म्हटलेलं टोमॅटोच ऐकू येईल. आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या, आणि आल्यावर सॉसला नावं ठेवायला संकोच करू नका.

तुमची,
छाया